लेकीचे नाव कोणत्या रकान्यात?

जव्हारच्या मुकणे राजघराण्याची एक दंतकथा जुन्या ठाणे गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. घराण्याच्या मूळ पुरुषाने एका वारली प्रमुखाकडे जमीन मागितली. किती? तर बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच. वारल्याने होकार दिला. मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या गेल्या, त्या एकापुढे एक जोडल्या गेल्या आणि त्यांनी वेढली तेवढी जमीन नव्या राजाची झाली. हीच कथा कार्थेजच्या डिडो राणीचीही सांगतात. फरक एवढाच, की तिथे कातडे कापणारी बाई होती. जव्हारच्या कथेत बाई नाही. पुढच्या सहाशे वर्षांत संस्थान आले, इंग्रज आले, सावकार आला, १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, कूळकायदा आला, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. जमिनीचे कागद अनेकदा बदलले. त्या कागदांवर लेकीचे नाव मात्र क्वचितच आले.

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत दर दहा माणसांपैकी नऊ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. उताराची वरकस जमीन, तीत नागली, वरई, उडीद, खुरासणी. खोलगट तुकडा असेल तर भात. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीला नाही तर बांधकामावर निघून जातो. अशा जमिनीची वाटणी ती काय करायची, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. पण ज्याच्याकडे दीड एकर आहे त्याला त्या दीड एकराची किंमत पन्नास एकरवाल्यापेक्षा जास्त कळते. पावसाळ्याचे चार महिने घरी राहायचे की नाही, हे त्या तुकड्यावर ठरते.

समजा, मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर एक बाप वारला. मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. थोरली नांदते आहे. धाकटीला नवऱ्याने टाकले, ती दोन पोरांना घेऊन माहेरी आली आहे आणि बापाच्या आजारपणात शेत तिनेच पाहिले. आता वारस नोंद करायची. गावकीतल्या जाणत्यांना विचारले तर ते सांगतील : जमीन मुलांची. आई आहे तोवर तिला सांभाळायचे. बहिणीला सणावाराला लुगडे, लेकीबाळींचे येणेजाणे, आणि कोणी टाकलीच तर घरात कोपरा. मुलगा नसेल तर घरजावई ठेवतात. तो सासऱ्याचे शेत कसतो आणि पुढे त्याच्या घरात ते राहते. विधवेने पुन्हा घर केले तर तिने आधीच्या नवऱ्याच्या जमिनीवरचा हात सोडायचा. बारीकसारीक फरक सोडले तर या भागातल्या बहुतेक जमातींची सर्वसाधारण रीत ही अशी.

या रीतीला सरसकट रानटी म्हणणारे लोक आहेत, त्यांच्याशी माझे जमत नाही. ज्या समाजात नवऱ्या मुलाकडच्यांनी देज द्यायचे, विधवेने दुसरे लग्न केले तर कोणी भुवई उंचावत नाही, आणि वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी ही बाईच असते, त्या समाजाला आम्ही स्त्रीच्या प्रतिष्ठेचे धडे द्यावेत अशी आमची परिस्थिती नाही. धान्याची देवता कणसरी, तीही बाईच. भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी. (तो चौक कागदावर उतरून जगभर गेला तेव्हा नाव मोठे झाले ते प्रामुख्याने पुरुषांचे, ही गोष्ट निराळी.) इतके सगळे असून जमिनीपाशी आले की गाडी अडते.

आणि कायदा? शहरात राहणाऱ्या माणसाची समजूत अशी की मुलीला वडिलांच्या मिळकतीत मुलाइतका वाटा असतो, विषय संपला. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याने मुलगी, विधवा आणि आई यांना मुलाच्या बरोबरीने वारस केले. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने दिला, आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. पण याच १९५६ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात एक पोटकलम आहे. ते म्हणते की हा कायदा अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना लागू नाही, केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून तसे ठरवले तरच लागू होईल. म्हणजे १९९४ साली पुण्याची मुलगी सहहिस्सेदार झाली तेव्हा मोखाड्याच्या मुलीच्या आयुष्यात काहीही घडले नाही.

हे पोटकलम घालण्यामागे दुष्ट हेतू नव्हता. आदिवासींच्या रीतिभातींवर बाहेरचा कायदा लादू नये, हा त्यातला विचार. आणि ज्यांनी आदिवासींवर लादलेल्या कायद्यांचा इतिहास वाचला आहे ते त्याला सहजासहजी चूक म्हणणार नाहीत. जंगलाचा कायदा लादला गेला, दारूचा लादला गेला, जमीन गहाण आणि विक्रीचा लादला गेला. प्रत्येक वेळी आदिवासीच्या हातून काहीतरी गेले. त्यामुळे ‘आमची रीत आम्हाला असू द्या’ या म्हणण्यामागे शहाणपण आहे. प्रश्न एवढाच की ‘आमची’ म्हणताना त्यात धाकटी मुलगी धरली आहे की नाही.

राज्यघटनेचे चौदावे कलम सर्वांना समानता देते. तेरावे कलम सांगते की मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तेवढा कायदा रद्द, आणि ‘कायदा’ या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी व वहिवाटही येते, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. इथे महाराष्ट्रातल्या वाचकाने एक जुना निकाल आठवावा. द्विभार्याप्रतिबंधक कायद्याच्या संदर्भातल्या १९५१ च्या नरसू आप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या छागला आणि गजेंद्रगडकर या दोन न्यायमूर्तींनी ठरवले की धर्मावर आधारलेले व्यक्तिगत कायदे तेराव्या कलमाच्या ‘कायदा’ या व्याख्येत येत नाहीत. त्या निकालावर पुढे बरीच टीका झाली. पण त्यातही व्यक्तिगत कायदा आणि रूढी या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या होत्या. आदिवासींची वारसा-रीत धर्मशास्त्राच्या पोथीतून आलेली नाही. ती शुद्ध रूढी आहे. मग ती तेराव्या कलमाच्या कसोटीला लागली पाहिजे, असे कोणीही म्हणेल.

सर्वोच्च न्यायालय मात्र तसे म्हणायला कचरले. बिहारमधल्या (आता झारखंडमधल्या) ‘हो’ जमातीच्या स्त्रियांच्या वतीने ‘मानुषी’च्या संपादक मधू किश्वर यांनी १९८२ मध्ये याचिका केली. छोटा नागपूर कूळकायद्यात जमीन पुरुष वारसांकडेच जाते, ही तक्रार. निकाल १९९६ च्या एप्रिलमध्ये लागला. न्या. पुंछी आणि न्या. कुलदीप सिंह यांनी तरतूद रद्द केली नाही. न्यायालयाने एका झटक्यात सगळ्या जमातींच्या रीती मोडल्या तर गोंधळ माजेल, असे त्यांना वाटले. पण जमिनीवर पोट असलेल्या घरातल्या स्त्रियांचा निर्वाह चालू असेपर्यंत पुरुष वारसाने ती काढून घेता येणार नाही, अशी सवलत त्यांनी दिली. न्या. के. रामस्वामी यांचे मत वेगळे पडले. मुलींना वारसा द्यावा, मात्र त्यांना जमीन विकायची झाली तर ती विकत घेण्याचा पहिला हक्क भावाला असावा, अशी त्यांची मांडणी होती. तीस वर्षांनंतरही मला ती त्या निकालातली सर्वांत व्यवहारी गोष्ट वाटते.

कारण या वादात खरी भीती वारशाची नसून जमीन बाहेर जाण्याची आहे. जव्हारहून नाशिक जवळ, मुंबई फार दूर नाही. उन्हाळ्यात थंड हवा, पावसाळ्यात धबधबे. फार्महाऊसची जाहिरात करायला आणखी काय लागते? आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजी घेता येत नाही. जमीन महसूल संहितेतील १९७४ पासूनचे ३६-अ कलम जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय तसे हस्तांतर होऊ देत नाही. मग आडमार्ग शोधले जातात. जाणते विचारतात : मुलीच्या नावावर जमीन केली आणि तिने बाहेरच्याशी लग्न केले, तर उद्या जमीन कोणाची? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण भावानेही दलालाच्या कागदावर अंगठा उठवल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि म्हणून कोणी मुलांना वारसा नाकारा असे म्हणत नाही. भीती खरी असेल तर कुंपण विक्रीला घालावे. ते आधीच आहे. गरज तर ते आणखी घट्ट करावे.

‘आमच्या रीतीत बहिणीला जमीन नाही पण भाऊ सांभाळतो’ हे म्हणणे कितपत खरे, याचा विचार जरा सावकाश केला पाहिजे, कारण सगळे प्रकरण तिथे आहे. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरे असावे. जमीन होती तोवर तिच्यासोबत एक जबाबदारी होती : भावाकडे शेत आले म्हणजे परत आलेल्या बहिणीची भाकरी, म्हातारीचे औषध आणि भाचीचे लग्नही त्याच्याकडे आले. शेत आणि कर्तव्य एकाच गाठीत बांधलेले होते. त्या शेताचा सरकारी मोबदल्याचा धनादेश होतो त्या दिवशी ती गाठ सुटते. शेतात बहिणीला घासभर नागली मिळत होती. बँकेच्या खात्यात ती कुठे उगवणार? याच प्रश्नावर ओडिशातल्या एका आदिवासी स्त्रीने संपादनाच्या मोबदल्यात वाटा मागितला. ९ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण दुसऱ्या कलमाचे ते पोटकलम आडवे आले. पण नाकारताना न्यायालयाने सरकारला विचारले की बिगर-आदिवासी मुलीला वाटा मिळतो तर आदिवासी मुलीला न देण्याचे कारण काय, आणि कायद्यात बदल करण्याचा विचार करा, असे सांगितले.

धनादेश न येताही गाठ सुटते. भाऊ आठ महिने भट्टीवर असतो, त्याच्याच पोटाची भ्रांत. तो कोणाला सांभाळणार? जुन्या रीतीतला हक्क भावाकडे शिल्लक राहिला आणि कर्तव्य तेवढे झिजून गेले. याला रूढीचे पालन म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट. रूढी न्यायालयात टिकायची तर ती प्राचीन, निश्चित आणि वाजवी असावी लागते, हा इंग्रजी न्यायपद्धतीतून आलेला जुना नियम. आता डोंगरउतारावर जंगल भाजून दळीची शेती करणाऱ्या, दोन-तीन वर्षांनी तुकडा बदलणाऱ्या लोकांमध्ये ‘अमुक गटाच्या सात-बाऱ्यावर मुलीचे नाव लावू नये’ ही रूढी प्राचीन कशी असेल? सात-बाराच प्राचीन नाही! कायमची, मोजलेली, नावावर चढणारी जमीन ही सरकारने आणलेली वस्तू. ती आली तेव्हा कागदावर घरातल्या पुरुषाचे नाव लिहिण्याची सवय सरकारी कारकुनाची होती. तिचा किती भाग आदिवासींचा आणि किती भाग कचेरीचा, हे एकदा तपासायला हवे.

१७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल आला त्याचे महत्त्व इथे आहे. छत्तीसगडमधले गोंड कुटुंब. मुलीच्या वारसांनी आजोबांच्या मिळकतीत आईचा वाटा मागितला. तंटा १९९२ चा. खालच्या सगळ्या न्यायालयांनी त्यांना विचारले : मुलीला वाटा मिळतो अशी तुमच्यात रूढी आहे का? सिद्ध करा. ते सिद्ध करू शकले नाहीत आणि हरले. न्या. संजय करोल आणि न्या. जॉयमाल्य बागची यांनी प्रश्नच उलटा केला. मुलीला वाटा मिळत नाही, अशी रूढी तरी कोणी सिद्ध केली? कोणीच केली नव्हती. मग कायदा लागू नाही, रूढी सिद्ध नाही, अशा पोकळीत काय करायचे? न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेकबुद्धी. केवळ बाई आहे म्हणून वाटा नाकारणे समानतेच्या हक्कात बसत नाही; वाटा द्या.

हे ‘सद्सद्विवेकबुद्धी’चे सूत्र त्या खटल्यात १८७५ च्या मध्य प्रांताच्या कायद्यातून आले. पण मुंबई इलाख्याला ते त्याहून जुने परिचयाचे आहे. १८२७ च्या मुंबईच्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशांना क्रम घालून दिला होता : आधी सरकारी कायदा, तो नसेल तर देशाची वहिवाट, ती नसेल तर प्रतिवादीचा धर्मनियम, आणि तेही नसेल तर केवळ न्याय, समन्याय व सद्सद्विवेकबुद्धी. परक्या राजवटीने अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेला हा शेवटचा दरवाजा. दोनशे वर्षांनी आदिवासी बाई त्यातून आत आली.

तीन महिन्यांतच, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्याच न्या. करोल यांच्या खंडपीठाने आणखी एक निकाल दिला. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आपल्या राज्यातल्या आदिवासी भागात हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलींना वाटा द्यावा असे फर्मावले होते. ते सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकले. अधिसूचना नाही तोवर तो कायदा लागू होत नाही, एवढेच. दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण तसे नाही. पहिला म्हणतो, समानतेच्या आधारावर तुला वाटा मिळू शकतो. दुसरा म्हणतो, त्या विशिष्ट कायद्याच्या आधारावर मिळणार नाही. मोखाड्यातल्या आपल्या धाकटीसाठी याचा अर्थ असा की तिला दार उघडे आहे, पण वाट लांबची. भावांनी साक्षीदार आणून रूढी सिद्ध केलीच तर ती वाजवी आहे की नाही हा वाद नव्याने. आईचा वाटा किती, पुन्हा घर केलेल्या विधवेचा किती, हे प्रत्येक खटल्यात वेगळे. तेहेतीस वर्षे भांडायला कोणाकडे आयुष्य आहे?

हा पेच आपल्याच देशात आहे असे नाही. दक्षिण आफ्रिकेत पुरुष नातेवाइकालाच वारसा देणारी रीत २००४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने रद्द केली. खायलित्शातल्या दोन लहान मुलींच्या बापाचे घर त्यांच्या आजोबाला मिळणार होते. न्या. लांगा यांनी बहुमताने नियमच मोडीत काढला. न्या. ंगकोबो म्हणाले, मोडू नका, तो स्त्रियांना सामावून घेईल इतका वाढवा. बोट्स्वानात २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तिसरीच वाट घेतली. वृद्ध बहिणी वडिलोपार्जित घरासाठी भांडत होत्या. न्यायालयाने पाहिले की त्या जमातीची रीत प्रत्यक्षात केव्हाच बदलली आहे, पुस्तकात लिहिलेली रीत तेवढी जुनी राहिली आहे. मला ही तिसरी वाट आपल्याकडच्या परिस्थितीला सर्वांत जवळची वाटते.

कारण जव्हार-मोखाड्यातही रीत बदललेली आहे, आणि ती बदलली एका कायद्यामुळेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात एक साधे वाक्य आहे : विवाहित व्यक्तीच्या बाबतीत हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदला जाईल. या दोन तालुक्यांत वनपट्ट्यांसाठी कष्टकरी संघटनेसारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, आणि त्या मोर्च्यांत बायका पुढे होत्या. पट्ट्यावर बाईचे नाव लागले म्हणून जमात बुडाली, असे कोणी म्हटलेले माझ्या कानावर नाही. अर्थात तिथेही एक भोक राहिले आहेच. पट्टा विकता येत नाही, वारशाने जातो. पण वारस कोण, मुलगी धरायची की नाही, हे त्या कायद्याने सांगितलेले नाही. तिथे पुन्हा रूढीच.

मग करावे काय? केंद्र सरकारला संसदेत विधेयकसुद्धा न्यावे लागणार नाही. पोटकलमातच अधिसूचनेची सोय आहे. पण देशभरच्या सगळ्या जमातींना एका फटक्यात हिंदू वारसा कायद्याखाली आणणे मला पटत नाही. खासी समाजात घर धाकट्या मुलीकडे जाते. तिथे हा कायदा काय समानता आणणार? शिवाय आदिवासींना हिंदू कायद्यात घालणे या गोष्टीलाच अनेक आदिवासींचा विरोध आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. त्यापेक्षा १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला रीतिभाती जपण्याचा जो अधिकार दिला आहे तो वापरावा. दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत. पाड्याची ग्रामसभा बसावी आणि वारशाची आपली रीत आज काय आहे, काय असावी, ते लिहून काढावे : परत आलेल्या लेकीचे काय, घरजावयाच्या बायकोचे नाव जमिनीवर का नाही, विकायची झाल्यास पहिला हक्क कोणाचा. ग्रामसभेला कायदा करता येत नाही, हे खरे. पण उद्या न्यायालयात ‘आमची रूढी’ कोणती हे विचारले जाईल तेव्हा चार म्हाताऱ्यांच्या साक्षीपेक्षा बायकापुरुषांनी मिळून केलेला ठराव वजनदार ठरेल. अट एकच, त्या सभेला बायका बसलेल्या असाव्यात आणि बोललेल्या असाव्यात. पाण्याच्या फेऱ्या मारून झाल्यावर.

यातले काही होईल तेव्हा होईल. तोवर धाकटीच्या हातात जे आहे ते गावच्या दप्तरात आहे. बाप गेल्यावर तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याला वर्दी द्यायची असते (नव्या नावाने ग्राम महसूल अधिकारी, पण लोक तलाठीच म्हणतात). वारसांची चौकशी गाव नमुना ६-क मध्ये उतरते, तिच्यावरून फेरफार पडतो, त्याची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. बहुतेक घरांत बहिणींची नावे याच टप्प्यावर गळतात. नाही तर लागतात आणि मग हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा घेऊन काढली जातात. त्या पंधरा दिवसांत तिने साध्या कागदावर, वकिलाशिवाय, ‘मी मयताची मुलगी, माझे नाव लावावे’ एवढे लिहून दिले तरी नोंद तशीच मंजूर करता येत नाही. ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत, नमुना ६-अ मध्ये जाते, आणि मंडल अधिकाऱ्याला दोन्ही बाजूंना बोलावून ऐकावे लागते. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी न्यायालयच ठरवते. पण मुलगी आहे आणि तिने मागितले होते, हे सरकारी कागदावर येते. कागद दिल्याची पोच मात्र तारखेसह घ्यावी.